बॅटरीची कात्री वापरताना बोटं सांभाळा, बाग सांभाळा



सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात डाळिंबाची छाटणी म्हटली की हातात सिकेटर आलाच. दिवसभर दाबून दाबून मनगट भरून येतं, रात्री भाकरी थापायला हात उचलत नाही. बॅटरीवरच्या कात्रीने हा त्रास खूप कमी होतो. गटाने अशी कात्री घेतली असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा.

फरक नीट समजून घ्या

साध्या सिकेटरमध्ये जोर आपल्या हाताचा असतो. बोट मध्ये आलं की कळ लागते आणि हात आपोआप थांबतो. बॅटरीच्या कात्रीत जोर मोटरचा असतो. खटका दाबला की पातं मिटतं. मध्ये फांदी आहे की बोट, हे साध्या मशीनला कळत नाही. बहुतेक वेळा धोका असतो तो फांदी धरणाऱ्या दुसऱ्या हाताला.

कापताना

- दुसरा हात पात्यापासून किमान एक वीत लांब ठेवा.
- एका झाडाला एकीनेच छाटणी करा. दोघी समोरासमोर नकोत.
- पदर खोचा, ओढणी बांधा, सैल बाह्या दुमडा. काट्यांसाठी हातमोजे आणि चष्मा घाला. पण हातमोज्याने पातं अडत नाही, हे विसरू नका.
- या झाडावरून त्या झाडाकडे जाताना खटक्यावरचं बोट काढा.
- फांदी अडकली तर आधी स्विच बंद, मग बॅटरी बाहेर, मगच पात्याला हात.
- मशीनवर लिहिलंय त्यापेक्षा जाड फांदी असेल तर करवत घ्या.

एका झाडाचा रोग दुसऱ्याला नको

तेल्या रोगाचे जिवाणू छाटणीच्या अवजारावरूनही पसरतात. म्हणून प्रत्येक झाडानंतर स्विच बंद करून पाती १ टक्का सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणाने पुसा. बाजारातलं द्रावण ४ टक्क्यांचं असेल, तर एक भाग द्रावणात तीन भाग पाणी घाला. साध्या सिकेटरसारखी ही कात्री बादलीत बुडवू नका, मोटर खराब होईल. या द्रावणाने लोखंड गंजतं, म्हणून संध्याकाळी बॅटरी काढून पाती ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि तेलाचे दोन थेंब सोडा. डाळिंबाच्या रोगांबद्दल शंका असेल तर आपल्या सोलापुरातच, केगावला, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथे विचारा.

बॅटरीची काळजी

आपल्याकडचं ऊन बॅटरीला सोसत नाही. ती बांधावर उन्हात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तापत ठेवू नका. काम झाल्यावर गार होऊ द्या, मग तिच्याच चार्जरने चार्ज करा. चार्जिंगला कोरडी फरशी हवी. अंथरूण, कडबा, सरपण जवळ नको. रात्रभर लावून झोपू नका. बॅटरी फुगली किंवा फार तापली तर वापर बंद करून दुकानदाराला दाखवा. ती चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नका. पोरांच्या हाताला लागेल तिथे कात्री नको, आणि ठेवताना बॅटरी वेगळी काढा.

लागलंच तर

स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. खोल जखमेत हळद, चहापूड भरू नका. १०८ ला फोन करा. बोट तुटलं असेल तर तो तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बांधा. ती पिशवी बर्फावर ठेवा, तुकडा थेट बर्फात नको. तो घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

गटाची वही

कात्री सगळ्यांची असली की ती कुणाचीच नसते, असं होऊ देऊ नका. कुणी नेली, कधी परत आली, पातं आणि बॅटरी कशी होती, हे वहीत लिहा. धार आणि दुरुस्तीसाठी भाड्यातून थोडी रक्कम बाजूला काढा. आणि नव्या ताईच्या हातात कात्री देण्याआधी बॅटरी काढून तिला एकदा सगळं दाखवा. त्या दहा मिनिटांत एखादीचं बोट वाचेल.