पत्ता बदलून फिरलेल्या पाकिटांवरचे दुय्यम शिक्के

पाकिटावरचे तिकीट रद्द करणारा शिक्का सगळ्यांच्या ओळखीचा असतो. त्याखेरीज टपालखात्याने उमटवलेल्या बाकीच्या खुणा संग्राहकांच्या भाषेत दुय्यम शिक्के ठरतात. हशील कमी पडले, मालक गाव सोडून गेला, पत्र चुकून भलत्याच कचेरीत पोहोचले, घेणाऱ्याने नकार दिला, अशा प्रत्येक प्रसंगी पुढच्या कर्मचाऱ्याला उलगडा व्हावा म्हणून शिक्का, चिठ्ठी किंवा नुसती पेन्सिलीची ओळ पाकिटावर येई. सरळ पोहोचलेल्या पत्रावर अशा खुणा क्वचितच दिसतात, पत्ता बदलून पुढे धाडलेल्या पत्रावर मात्र त्यांची दाटी होते. या दाटीतली बहुतेक प्रत्येक खूण दोन गोष्टी सांगते: पत्र कोणाच्या ताब्यात होते आणि त्याचे पैसे कोणी भरायचे होते. टपाल इतिहासाचा अभ्यास तिकिटाच्या दुर्मिळतेपेक्षा या दोन प्रश्नांवर उभा आहे.

ब्रिटिश अमदानीतल्या मुंबई इलाख्यात अशी पाकिटे विपुल तयार झाली, कारण सरकारच फिरते होते. गव्हर्नरांचा मुक्काम कडक उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला आणि एरवी मुंबईत असे. बडे अधिकारीही त्यांच्यामागे हलत. अशा पाकिटावर छापील किंवा सुवाच्य अक्षरातला मुंबईचा पत्ता खोडलेला, शेजारी वेगळ्या शाईत ‘महाबळेश्वर’ आणि तेही खोडून ‘पूना’ असा क्रम आढळतो. वाचन मात्र मागच्या बाजूने सुरू करावे. पोहोचीच्या आणि वाटेतल्या कचेऱ्यांचे तारखेचे शिक्के तिथे असतात. ते तारखेनुसार लावले की पुढच्या बाजूचे कोणते अक्षर कोणत्या गावी लिहिले गेले ते ठरवता येते. ऋतूही साक्ष देतो. मुंबईहून महाबळेश्वर आणि तिथून पुणे हा प्रवास जूनच्या सुरुवातीला स्वाभाविक आहे, तोच ऑगस्टच्या तारखांसह दिसला तर शिक्के पुन्हा तपासायला हवेत. महाबळेश्वरला रेल्वे नव्हती, वाठार स्टेशनापासून पुढे घाटरस्ता होता. त्यामुळे दोन शिक्क्यांत एखाद्या दिवसाचे अंतर दिसले म्हणून लगेच कोणाच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवू नये.

सगळेच शिक्के गावाचे नसतात, आणि नवख्या अभ्यासकाची गल्लत इथेच होते. रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यात धावत्या गाडीत टपाल निवडले जाई. तिथल्या शिक्क्यावर विभाग आणि संचाची खूण असते. मुंबईच्या डाकबोटींवर १८६८ ते १९१४ या काळात सागरी टपाल कचेरी चाले. तिचा शिक्का तर कोणत्याच भूमीवरचा नाही.

पैशांच्या खुणा जास्त अवघड आहेत. १८५४ च्या सुधारणेने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर अर्धा आणा दर ठरला आणि तिकीट न लावलेल्या पत्राला दुप्पट आकार लागू झाला. असे पत्र मराठीत ‘नॉटपेड’ म्हणून ओळखले गेले, शिक्क्यावर मात्र ‘बेअरिंग’ असे. पोर्तुगीज हिंदुस्थानाने १९०४ मध्ये अशा वसुलीसाठी ‘पोर्तियादू’ तिकिटे काढली. ब्रिटिश हिंदुस्थानाने तशी तिकिटे कधी काढलीच नाहीत. म्हणून गोव्यातल्या पाकिटावर वसुलीचा पुरावा तिकिटात मिळू शकतो. मुंबई-पुण्याच्या पाकिटावर तो केवळ ‘पोस्टेज ड्यू’च्या शिक्क्यात आणि हाताने लिहिलेल्या आण्यांत शोधावा लागतो. ती रक्कम फुटकळ वाटली तरी वगळू नये. पुष्कळदा साऱ्या प्रवासाचा उलगडा तिच्यातच असतो.

हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी जागतिक टपाल संघात सामील झाला, आणि हशील कमी पडलेल्या परदेशी पत्रांवर ‘टी’ हे अक्षर दिसू लागले. ‘टॅक्स’ या फ्रेंच शब्दाचे ते आद्याक्षर. ज्या देशातून पत्र निघाले तिथली कचेरी ते उमटवी, शेजारी सांतिम या फ्रेंच नाण्यात आकडा लिही, आणि पोहोचीचा देश आपल्या नाण्यात हिशेब करून वसुली करी. एकदा पूर्ण हशील भरलेले पत्र संघाच्या हद्दीत पत्ता बदलून पाठवायला जादा आकार नव्हता. अपवाद होता तो सवलतीच्या दराचा. १८९८ च्या नाताळापासून हिंदुस्थानातून इंग्लंडला हलके पत्र एका आण्यात जाऊ लागले, तर फ्रान्ससाठी संघाचा दर अडीच आणे, म्हणजे २५ सांतिम होता. मुंबईहून एक आणा लावून लंडनला गेलेले पत्र तिथून पॅरिसला वळवले, तर घेणाऱ्याकडून फक्त फरक, म्हणजे १५ सांतिम घ्यायचे असा नियम होता. कमी हशिलाच्या साध्या पत्राला दुप्पट दंड पडे. १५ आणि ३० यांतला हा भेद समजला नाही, तर बरोबर आकारलेले पाकीट चुकीचे ठरवले जाते.

कित्येक पाकिटांवर शिक्क्यांपेक्षा पोस्टमनची ओळ बोलकी असते: मालक मयत, घेत नाही, तपास लागत नाही. मराठी मुलखात ती मोडीतही सापडते, आणि मोडी न येणारा संग्राहक तिला निरर्थक फराटा समजून सोडून देतो. हे नुकसान मोठे आहे, कारण अनेकदा बटवड्याचा प्रत्यक्ष पुरावा तेवढाच असतो.

तपास खुंटला की पत्र डेड लेटर ऑफिसात जाई. तिथले शिक्के ‘डी. एल. ओ.’ या अक्षरांनी ओळखू येतात. पाठवणाऱ्याचा पत्ता पाकिटावर लिहिण्याची रीत फारशी नव्हती, म्हणून पत्र उघडून तो शोधावा लागे. १८९८ च्या टपाल कायद्याने हे काम नेमलेल्या आणि गुप्ततेला बांधील अधिकाऱ्यापुरते मर्यादित ठेवले. कापून उघडलेली आणि पुन्हा बंद केलेली कड दिसली तर ती नंतरच्या मालकाची निष्काळजी कात्री मानण्याआधी जवळपास डी. एल. ओ.चा शिक्का आहे का ते पाहावे.

खोट्या शिक्क्यांची पारख याच हिशेबाने होते. मुंबईच्या जाल कूपर यांच्या ‘अर्ली इंडियन कॅन्सलेशन्स’सारख्या ग्रंथांत रद्दीच्या शिक्क्यांचे नमुने मिळतात, त्यांच्याशी आकार व अक्षरवळण ताडता येते. पण बनावट करणारा बहुधा एकच आकर्षक शिक्का वाढवतो. त्याला जुळणारी तारीख, मार्ग आणि रक्कम मागच्या बाजूवर नसतात. शाई खोडलेल्या पत्त्याच्या वर आहे की खाली, हे भिंगातून पाहिले की पुष्कळदा क्रम उलटा निघतो, आणि तेवढ्यावर पाकीट नामंजूर करता येते.