नाशिकची द्राक्षे आणि हॉलंडचा दरवाजा

नेदरलँड्स हा देश क्षेत्रफळाने नाशिक जिल्ह्याच्या पावणेतीनपटही भरत नाही. लोकसंख्या 1 कोटी 80 लाखांच्या आसपास. तरी फेब्रुवारी-मार्चात पिंपळगाव बसवंत, दिंडोरी किंवा निफाडकडच्या पॅकहाऊसवर उभ्या कंटेनरकडे बोट दाखवून माल कुठला म्हणून विचारा, बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘हॉलंडचा’. एवढी द्राक्षे हे एवढेसे लोक खातात तरी कशी? खात नाहीतच. रॉटरडॅमच्या बंदरात उतरलेला माल जवळच्या बारेन्द्रेख्तसारख्या गावांतल्या फळव्यापाऱ्यांच्या शीतगृहात जातो, तिथे तपासला जातो, पुन्हा भरला जातो आणि जर्मनीपासून पोलंडपर्यंतच्या दुकानांत पोहोचतो. आपल्या निर्यातीच्या तक्त्यात मात्र तो सगळा नेदरलँड्सच्या नावावर पडतो.

या देशाचं पोटच मुळी दुसऱ्याचा माल हाताळण्यावर चालतं. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेली ही मंडळी, आज तिथे पडक्या भिंती उरल्या असल्या तरी धंद्याची रीत तीच आहे. 2023 मध्ये नेदरलँड्सने सुमारे 124 अब्ज युरोचा शेतमाल आणि खाद्यपदार्थ निर्यात केले. त्यातला मोठा हिस्सा बाहेरून आणून पुढे पाठवलेला. भारताशी असलेला व्यापारही याच पद्धतीचा. 2023-24 मध्ये आपण नेदरलँड्सला 22 अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा माल पाठवला आणि अमेरिका, संयुक्त अरब अमिरातींनंतर तो आपला तिसरा मोठा ग्राहक ठरला. पण त्यात निम्म्याहून जास्त वाटा पेट्रोलियम पदार्थांचा. युक्रेनच्या युद्धानंतर युरोपने रशियाच्या तेलाकडे पाठ फिरवली आणि आपल्या रिफायनऱ्यांचं डिझेल रॉटरडॅमला जाऊ लागलं. या आकड्यात द्राक्ष म्हणजे चिमूटभर. निफाडच्या बागायतदाराच्या वर्षाच्या हिशोबात मात्र ती चिमूट फार मोठी असते.

सुरुवात 1991 ची. सहकारी द्राक्ष संस्थांना एकत्र करून महाग्रेप्स उभी राहिली, पणन मंडळाने पाठबळ दिलं. तोवर आपल्या बागायतदाराला मुंबई, दिल्ली, कोलकात्याचा बाजार माहीत होता. तिथे पेटीत गवत घालून माल गेला तरी चालायचं. युरोपच्या वाटेवर तीन-साडेतीन आठवडे समुद्रात काढायचे होते, आणि पहिल्या काही वर्षांत बराच माल तिथे पोहोचून नाकारला गेला. मग प्रीकूलिंग आलं, पेटीत गंधकाचे पॅड आले, मणी किती मिलिमीटरचा, ब्रिक्स किती, देठ हिरवा आहे का, ही भाषा बांधावर रुळली. सोळा मिलिमीटरच्या रिंगेतून मणी पडला की तो घड लोकलला. विरळणीला येणाऱ्या बायकासुद्धा हे मोजमाप डोळ्यांनी करू लागल्या. आपल्या कृषी विस्ताराच्या कित्येक योजनांना जे जमलं नाही ते एका परक्या गिऱ्हाइकाच्या नकाराने करून दाखवलं, असं माझं मत आहे.

पुढचा धडा औषधांचा. 2003 मध्ये नेदरलँड्समधल्या तपासणीत आपल्या द्राक्षांत मिथोमिल आणि अॅसिफेटचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपभर इशारा गेला. त्यातून अपेडा आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी उर्वरित अंश तपासणीची व्यवस्था उभी केली, आणि 2006 मध्ये ग्रेपनेट आलं. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेच्या माणसाने प्लॉटवर येऊन घेतलेला नमुना, पॅकहाऊसची मान्यता, पेटीवरचा क्रमांक. हॅम्बुर्गच्या दुकानातली पेटी कुठल्या गट नंबरातून आली हे इथे सांगता येऊ लागलं. सातबारा ऑनलाइन पाहण्याची सवय नसलेल्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

एवढं करूनही 2010 चा हंगाम हातचा गेला. लिहोसिन हे नाव आजही जुन्या बागायतदारांसमोर काढलं तर गप्पा थांबतात. खरड छाटणीनंतर शेंडा रोखून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून ते मारलं जायचं. घड हातात येईपर्यंत मधे कित्येक महिने जातात, त्यामुळे त्याचा अंश द्राक्षात उतरेल असं कुणाच्या मनात आलं नाही. युरोपच्या प्रयोगशाळांनी त्या वर्षी त्यातल्या क्लोरमेक्वाटची तपासणी केली. मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. कंटेनर रॉटरडॅमला अडकले, दर कोसळले, आणि इथे काढणीला आलेला माल वेलीवरच राहिला. त्याआधी नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने बागा झोडपलेल्याच होत्या.

दोष कुणाचा यावर तेव्हा पुष्कळ भांडणं झाली. युरोपने मुद्दाम आपल्याला अडवलं, असंही बोललं गेलं. मला ते पटत नाही. मर्यादा त्यांच्या कागदावर होती; आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. ज्याच्या दारात माल विकायचा त्याचा नियम वाचणं हे काम शेतकऱ्याचं नव्हे, त्यासाठी पगार घेणाऱ्यांचं होतं. भुर्दंड शेतकऱ्याने भरला. पुढच्या हंगामापासून ते रसायन यादीत आलं.

त्यानंतरच्या दशकात आणखी एक धागा जुळला. विलास शिंदे यांनी 2004 पासून द्राक्ष निर्यातीत पाय रोवले होते. त्यातून दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. 2022 मध्ये तिच्यात युरोपच्या चार संस्थांनी 310 कोटी रुपये गुंतवले. त्यातली एफएमओ ही नेदरलँड्सची विकास बँक. म्हणजे हॉलंडचा पैसाही आता मोहाडीच्या शीतगृहात आहे. 2023-24 मध्ये भारताची द्राक्ष निर्यात 3 लाख 44 हजार टनांच्या घरात गेली, किंमत सुमारे 3,460 कोटी रुपये. हा माल बहुतांश महाराष्ट्राचा, आणि त्यातही नाशिकचा वाटा सर्वांत मोठा.

दरवाजा एकच असला की वाट अडली तरी जीव टांगणीला. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझमध्ये सहा दिवस आडवं पडलं तेव्हा आपला हंगाम ऐन भरात होता. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडं चढलं, देठ वाटेतच सुकू लागला. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांचे युरोपशी व्यापार करार आधीच झालेले. आपल्या वाटाघाटी 2007 मध्ये सुरू झाल्या, 2013 मध्ये थांबल्या आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. तेवढी वर्षे आपला बागायतदार आयात शुल्क भरून त्यांच्याशी स्पर्धा करत राहिला, तीही थॉमसनसारख्या जुन्या वाणावर.

कांद्याची गोष्ट तर याहून बोलकी. हॉलंड स्वतः कांद्याचा मोठा निर्यातदार आहे. लासलगावात भाव चढले की दिल्लीत निर्यातबंदी सुचते. सप्टेंबर 2019 मध्ये सुचली, 8 डिसेंबर 2023 ला पुन्हा सुचली आणि मे 2024 पर्यंत टिकली. आपण दार लावलं की परदेशी गिऱ्हाईक रिकामं बसत नाही, ते दुसऱ्याकडे जातं, आणि कांदा घेऊन हॉलंड तिथे उभाच असतो. द्राक्षात जो आपला वाटेकरी, तोच कांद्यात प्रतिस्पर्धी. त्याला आपल्याच धोरणाने हात द्यावा, याचं नवल वाटतं.

तीस-पस्तीस वर्षांत नाशिकने हॉलंडला हवा तसा माल पिकवायला शिकून घेतलं, यात शंका नाही. विकण्याची बाजू मात्र अजून त्यांच्या हातात आहे. निफाडचं ड्रायपोर्ट अनेक वर्षे रखडत आलं, नवे पेटंट वाण थोड्याच बागांत पोहोचले. बहुसंख्य बागायतदार बांधावर किलोचा दर ठरवून मोकळा होतो. आपला माल तिथे कोणत्या अवस्थेत उतरला आणि कितीला गेला हे त्याला कळत नाही. ‘माल खराब उतरला’ एवढ्या एका वाक्यावर त्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे येत्या हंगामात कंटेनर भरताना निर्यातदाराशी दर ठरवलात की लगेच दुसरी गोष्टही लिहून घ्या: रॉटरडॅमच्या क्यूसी रिपोर्टची आणि विक्रीपट्टीची प्रत, तुमच्या प्लॉटच्या नोंदणी क्रमांकासह. पेटीवर तो क्रमांक असतोच. हिशोबावरही तो मागायचा तुमचा हक्क आहे.