एवढा दम येतो कुठून?

नादस्वरम्‌ वाजवणाऱ्याची छाती आपल्यापेक्षा मोठी असते का? छातीच्या भात्यातला हा हिशेब घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

तंजावर भागातलं लग्न. नवरदेव ताली बांधायला हात पुढे करतो, भटजी बोट उंचावून खूण करतात आणि ‘गेट्टी मेळम्‌’चा जल्लोष उसळतो. तविल कडाडतो, त्यावर नादस्वरम्‌ गर्जू लागतं. ऐकणाऱ्या मराठी माणसाला सनई-चौघडा आठवल्याशिवाय राहत नाही. भोसले घराण्याने १८५५पर्यंत राज्य केलं, तोच हा मुलूख.

नादस्वरम्‌ म्हणजे सनईचा थोरला भाऊच. कुंभकोणम्‌जवळच्या नरसिंगपेट्टै गावात कारागीर आच्चा नावाच्या लाकडातून ते घडवतात. या वाद्याला २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवळच्याच तिरुवावडुदुरैचे थोर वादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांच्या आग्रहामुळे इथे जास्त लांबीचं, खालच्या सुराचं नादस्वरम्‌ तयार झालं. लांबलचक आलापी वाजवावी तर त्यांनीच!

मग एवढा दम यायचा कुठून?

सहा लिटरचा हिशेब

तुम्ही आत्ता शांतपणे हे वाचत आहात. एका श्वासात तुम्ही साधारण अर्धा लिटर हवा आत घेता आणि तेवढीच बाहेर सोडता. आता छाती भरून श्वास घ्या. आणखी तीन लिटरच्या आसपास हवा आत जाते. उलट, नेहमीचा श्वास सोडून झाल्यावरही जोर लावला, तर लिटरभर हवा आणखी बाहेर पडते. या तिन्हींची बेरीज साडेचार लिटरच्या घरात जाते. डॉक्टर तिला ‘व्हायटल कपॅसिटी’ म्हणतात. हे नाव लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी दिलं. श्वास मोजण्याच्या स्पायरोमीटर यंत्रावरचा त्यांचा निबंध १८४६चा.

कितीही फुंकलं तरी सव्वा लिटर हवा आत उरतेच. ती असते म्हणूनच हवेचे बारीक फुगे मिटून जात नाहीत. असे झाले एकूण सहा लिटर. हे आकडे सरासरी पुरुषाचे. स्त्रियांचे पाव-पंचमांशाने कमी असतात. उंची आणि वय यांप्रमाणेही ते बदलतात.

म्हणजे कलावंताची फुप्फुसं काही दुप्पट नसतात. मोठेपणी रियाजाने फुप्फुसांचं आकारमान फारसं वाढत नाही. वाढतो तो ताबा. आपण अर्ध्या लिटरवर दिवस काढतो, तो मात्र शिलकीला हात घालतो. झटकन छाती भरतो आणि पोटाच्या स्नायूंनी आवरत हवा बेताबेताने खर्च करतो. साथीला एकच सूर धरणारा ‘ओत्तु’वादक तर गालात हवा साठवून ती फुंकत असतानाच नाकाने श्वास घेतो!

शिल्लक घटते, कळत नाही

हीच मोठी शिल्लक आपल्याला फसवते. रोजची गरज अर्ध्या लिटरची, त्यामुळे चुलीचा धूर, विडी-सिगारेट किंवा गिरणीतली धूळ यांनी क्षमता घटत गेली तरी बरीच वर्षं पत्ता लागत नाही. श्वासनलिका अरुंद होतात, हवा आत अडकून राहते. सव्वा लिटरची ती उरलेली हवा वाढत जाते आणि ताज्या हवेला जागाच राहत नाही. रोगी म्हणतो, “श्वास आत जात नाही.” खरी अडचण असते बाहेर न पडण्याची.

घरचे म्हणतात, “वय झालं आता.” पंचविशीनंतर क्षमता हळूहळू घटते हे खरं. पण बरोबरीची माणसं जिना चढून जात असताना आपल्याच आईला धाप लागत असेल, खोकला महिनोन्‌महिने रेंगाळत असेल, तर दोष वयावर ढकलू नका.

तपासणी सोपी आहे. सुई नाही, टोचणं नाही. खोल श्वास घ्यायचा आणि स्पायरोमीटरच्या नळीत जोराने, शेवटपर्यंत फुंकायचं. निरोगी प्रौढ माणूस पहिल्याच सेकंदात सुमारे तीन चतुर्थांश हवा बाहेर टाकतो. औषध देऊनही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिलं, तर नलिका अरुंद झाल्याची शंका घेतात. गेलेली क्षमता बहुधा पुरती परत येत नाही, पण धूर थांबवला आणि उपचार घेतले तर पुढची घसरण रोखता येते.

वादकाला आपली शिल्लक नेमकी ठाऊक असते. ज्यांचं आयुष्य चुलीपुढे गेलं, त्यांची शिल्लक आपण कधी मोजली आहे?