कांजिण्या : कडुनिंब, चिनी काढा आणि लस

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ म्हणजे धाराशिव जिल्ह्यात उन्हाची चाहूल, बाजार समितीत नव्या हरभऱ्याची आवक आणि घरोघरी वार्षिक परीक्षांची धांदल. कांजिण्यांचा हंगामही साधारण हाच. शाळेतील एका मुलाच्या अंगावर पाण्याचे फोड दिसतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्याच वर्गातील आणखी काही मुले अंथरूण धरतात. एकत्र कुटुंबात तर एका भावाच्या मुलाला झालेला आजार दुसऱ्याच्या मुलापर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही.

अशा वेळी घरात एकाच वेळी अनेक सल्ले येतात. वडीलधारी मंडळी कडुनिंबाचा पाला आणावयास सांगतात आणि औषध देऊ नये असे बजावतात. कोणी नातेवाईक मोबाइलवर चिनी वनौषधींची माहिती पाठवितो. डॉक्टर तिसरेच काही सांगतात. या सल्ल्यांत घेण्यासारखे काय आणि सोडण्यासारखे काय, हे शांतपणे पारखून घेणे आवश्यक आहे.

नाव डाळींवरून

डाळींच्या व्यापारात पिढ्या घालविलेल्या कुटुंबांना एक गोष्ट गमतीची वाटेल. आयुर्वेदात अंगावर फोड येणाऱ्या रोगाला ‘मसूरिका’ म्हटले आहे. फोडांचा आकार मसुरासारखा म्हणून हे नाव. माधवनिदानात मसूरिकेचे स्वतंत्र वर्णन आहे. कांजिण्यांना पुढे ‘लघुमसूरिका’ हे नाव रूढ झाले. चिनी भाषेत कांजिण्यांना ‘शुइदौ’ म्हणतात. ‘शुइ’ म्हणजे पाणी, आणि ‘दौ’ हे रोगवाचक अक्षर कडधान्याच्या दाण्यावरून बनलेले आहे. दोन दूरच्या संस्कृतींनी एकाच रोगाकडे पाहून धान्याचीच उपमा योजावी, यावरून दोन्हीकडील वैद्यांचे निरीक्षण किती बारीक होते ते दिसते. मात्र रोगाचे कारण असलेला विषाणू दोघांच्याही दृष्टीपलीकडे होता.

घरातील पथ्य

पूर्वी देवी आणि कांजिण्या यांत सर्वसामान्य माणूस फारसा भेद करीत नसे. दोन्हीला ‘माय आली’ असेच म्हणत. देवीचा रोग जीवघेणा होता. लसीकरणामुळे तो १९७५ नंतर भारतात आढळला नाही आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, पथ्ये मात्र राहिली. दाराला कडुनिंबाची डहाळी लावणे, मुलाला वेगळ्या खोलीत ठेवणे, घरात फोडणी न देणे, पाहुण्यांना मज्जाव करणे, शेवटी कडुनिंबाच्या पाण्याने स्नान घालणे, असा हा क्रम असे.

यातील वेगळे ठेवण्याचा भाग आजच्या शास्त्रालाही मान्य आहे. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत हा आजार दुसऱ्याला लागू शकतो. दारावरची डहाळी म्हणजे एका अर्थाने शेजाऱ्यांना दिलेली सूचनाच होती. परंतु डॉक्टरांना दाखवू नये, ताप उतरविण्याचे औषध देऊ नये, अंघोळ घालू नये, ही बंधने मुलाला केवळ त्रास देतात. कडुनिंबाचा पाला अंगाखाली घातल्याने हानी होत नाही. पण त्याचे तेल लहान मुलाच्या पोटात कधीही जाऊ देऊ नये. त्यामुळे मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

चिनी वैद्यकाचा विचार

चिनी वैद्यकाशी आपल्या भागाचे नाते अगदीच परके नाही. शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्याच पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी १९५९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले. या सुईच्या उपचाराला महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने मान्यता दिली. चिनी काढ्यांची गोष्ट वेगळी आहे. आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी या आयुष पद्धतींत चिनी औषधोपचाराचा समावेश नाही.

चिनी वैद्यांच्या मते कांजिण्या म्हणजे बाहेरून आलेला वारा, उष्णता आणि ओलावा यांचा शरीरातील प्रकोप. उष्णता बाहेर काढावी आणि ओलावा हटवावा, हे उपचाराचे सूत्र. त्यासाठी वू जूतोंग यांच्या १७९८ च्या ग्रंथातील ‘यिन च्याओ सान’ हा योग वापरतात. त्यात हनीसकलची फुले आणि फोर्सिथियाची फळे मुख्य असून पुदिन्याच्या जातीची वनस्पती आणि ज्येष्ठमधही असतो. आपल्याकडील दोष आणि पित्ताच्या भाषेशी ही भाषा बरीच जुळते.

भाषा जुळली म्हणून गुण सिद्ध होत नाही. कांजिण्या बहुतेक मुलांमध्ये आठ-दहा दिवसांत आपोआप बऱ्या होतात. त्यामुळे त्या काळात जे दिले त्यालाच श्रेय मिळते, मग तो काढा असो वा अंगारा. खरी पारख करावयाची तर सारख्या मुलांचे दोन गट करून, एकाला औषध देऊन आणि दुसऱ्याला न देऊन तुलना करावी लागते. गोवरावरील चिनी वनौषधींचा असा आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला, तेव्हा निकषांत बसणारा एकही प्रयोग हाती लागला नाही. परंपरा टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातील वनस्पती प्रयोगशाळेत तपासून हिवतापावरील आर्टेमिसिनिन शोधले आणि त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. तपासणीला उतरल्यावर त्या वनस्पतीचे औषध झाले.

घटक वाचून पाहावेत

जैन कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिनी बालरोगचिकित्सेत केवळ वनस्पती नसतात. पुरळ बाहेर काढण्यासाठी रातकिड्यासारख्या आवाज करणाऱ्या सिकाडा कीटकाची कात, तीव्र तापासाठी सायगा हरणाचे शिंग, काही योगांत गोरोचन, असे प्राणिज घटक परंपरेने वापरले जातात. ‘हर्बल’ या शब्दावर विसंबून परदेशी पुडी घरात आणणे अहिंसेच्या दृष्टीने आणि मुलाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्य नाही. हाच चोखंदळपणा लसीबाबतही ठेवता येतो. काही कंपन्यांच्या लसीत जिलेटिन असते. ज्यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनी माहितीपत्रक पाहून बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. मात्र तेवढ्या कारणाने निर्णय वर्षानुवर्षे लांबवू नये.

काय करावे

मुलाला भरपूर पाणी आणि पातळ अन्न द्यावे, नखे कापावीत, खाजेसाठी कॅलामाइन लावावे, तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. त्यामुळे यकृत आणि मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. धाप लागणे, सतत उलट्या, गुंगी, तोल जाणे, ताप पुन्हा चढणे किंवा फोडांत पू होणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

खरा धोका बहुधा मुलापेक्षा घरातील इतरांना असतो. पूर्वी कांजिण्या न झालेल्या प्रौढांना न्यूमोनिया होऊ शकतो. घरात गरोदर सून किंवा मुलगी असेल तर तिने मुलाजवळ जाऊ नये आणि संपर्क आला असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. प्रसूतीच्या आधीचे पाच आणि नंतरचे दोन दिवस या काळात आईला पुरळ आल्यास नवजात बालकाच्या जिवावर बेतू शकते. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या व्यक्तीलाही दूर ठेवावे.

जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांच्या मुलाला कांजिण्यांचा तीव्र त्रास झाला होता. त्या अनुभवातून त्यांनी संशोधन हाती घेतले आणि १९७४ मध्ये लस तयार केली. आज चीनमध्येही ही लस बनते आणि मुलांना दिली जाते. काढ्याच्या देशानेही प्रतिबंधासाठी लसच स्वीकारली आहे, हे विसरता कामा नये. भारतात ती मोफत शासकीय कार्यक्रमात नाही, खासगीरीत्या घ्यावी लागते. पहिली मात्रा साधारण पंधराव्या महिन्यानंतर आणि दुसरी त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा देतात. संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांत दिली तरी तिचा उपयोग होतो. गरोदरपणात मात्र ती देत नाहीत. शिवाय कांजिण्यांचा विषाणू शरीरात सुप्त राहून उतारवयात नागीण होऊन उठू शकतो.

दाराला डहाळी लावण्यास हरकत नाही; त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांकडे न्यावे आणि घरातील इतरांच्या लसीची नोंदही तपासून घ्यावी.