अजून न झालेल्या कामाची पावती

नाचणगावच्या शिवारात सरकी आत्ताच टोबायची की आणखी चार दिवस दम धरायचा, हे जूनच्या पावसावर ठरतं. पुलगावला लागून असलेल्या या गावावर कधी ढग येणार, याचं गणित मांडलं जातं दूर पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत. तिथे २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा ४ पेटाफ्लॉपचा महासंगणक सुरू झाला. म्हणजे सेकंदाला चाळीस कोटी कोटी आकडेमोडी! २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ आला आणि २०२५ मध्ये त्यावर सहा-सहा किलोमीटरच्या जाळीने अंदाज काढणारी भारत फोरकास्ट सिस्टिम चालू झाली.

पण महासंगणक म्हणजे एक अवाढव्य मेंदू नव्हे. प्रत्युषमध्ये लाखाच्या वर कोअर, म्हणजे गणित करणारे स्वतंत्र भाग, आहेत. आभाळाचे तुकडे करून ते या कोअरवर चालणाऱ्या प्रोसेसना, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र प्रतींना, वाटून दिलेले असतात. एका प्रोसेसला दुसरीची मेमरी दिसत नाही. वर्ध्यावरच्या हवेचा हिशेब करणारीला अमरावतीवरून येणारा वारा हवा असेल, तर तो संदेशानेच मागवावा लागतो.

काम वाटून घेण्याच्या या विद्येशी विदर्भाचं जुनं नातं आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर चिपला इतर चिपांशी बोलायला चार जोडण्या होत्या. त्या काळी प्रत्येक यंत्राची संदेश पाठवण्याची रीत निराळी असे. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालवायचा तर बराचसा नव्याने लिहावा लागे. १९९४ मध्ये एमपीआय, म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेस, हे सामायिक मानक ठरलं आणि ती अडचण सरली.

एमपीआयची खरी गंमत थांबण्यात आहे, किंवा न थांबण्यात म्हणा. गिरणीत दळण टाकलं की आपण जात्यापाशी ताटकळत बसत नाही. बाजार उरकतो आणि येताना पीठ घेतो. तसंच प्रोग्राम ‘हा संदेश घे’ असं सांगून लगेच पुढच्या गणिताला लागतो. त्या क्षणी त्याच्या हाती एक रिक्वेस्ट पडते, अजून न झालेल्या कामाची पावती. पुढे ‘टेस्ट’ म्हटलं की काम झालं का ते कळतं, आणि ‘वेट’ म्हटलं की ते होईपर्यंत प्रोग्राम थांबतो. दहा पावत्या एकत्र देऊन ‘वेटऑल’ म्हटलं, तर दहाही कामं झाल्यावरच गाडी पुढे सरकते.

पण ही पावती फक्त एमपीआयला ठाऊक असलेल्या कामांची. माझं काम वेगळंच असेल तर? मोठी फाइल लहान करून डिस्कवर लिहायची असेल, किंवा मी स्वतःच रचलेली देवाणघेवाण असेल, तर तिची पावती कोण देणार?

१९९७ च्या एमपीआय-२ ने याचं दिलेलं उत्तर मला थक्क करतं: पावती तुम्हीच फाडा! त्यासाठी ‘जीरिक्वेस्ट स्टार्ट’ हे फंक्शन आहे. नावात स्टार्ट असलं तरी ते कुठलंही काम सुरू करत नाही. ते फक्त कोरी पावती देतं आणि त्या बदल्यात तुमच्याकडून तीन छोटी फंक्शनं घेऊन ठेवतं. पहिलं निकाल सांगायला: किती माहिती आली, काम रद्द झालं का. दुसरं शेवटी मेमरी मोकळी करून आवराआवर करायला. तिसरं, कुणी काम रद्द करायला सांगितलं तर काय करायचं ते ठरवायला. सोबत तुमच्या माहितीचा एक पत्ता. एमपीआय तो न उघडता जपून ठेवतं आणि दर वेळी त्या फंक्शनांच्या हवाली करतं.

प्रत्यक्ष काम तुमचा वेगळा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्राममधला समांतर चालणारा धागा, करतो. शेवटचा बाइट लिहून झाला की तो ‘जीरिक्वेस्ट कम्प्लीट’ म्हणतो. तिकडे मुख्य प्रोग्राम ‘वेटऑल’वर थांबलेला असतो. त्याच्या हातात शेजाऱ्यांकडून येणाऱ्या वाऱ्याच्या पावत्या असतात आणि त्यांतच ही घरची पावतीही. त्याला दोन्हींत काडीचाही फरक दिसत नाही. काम काय आहे हे एमपीआयला शेवटपर्यंत कळत नाही, तरी ते त्यासाठी इमानाने थांबतं.

या मोकळिकीसोबत जबाबदारीही येते. एमपीआय तुमचं काम स्वतः पुढे ढकलत नाही. शिवाय काही महासंगणकांवर वेगळा थ्रेड चालवायची सोयच नव्हती. म्हणून २००७ मध्ये अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी एक पुढची पायरी सुचवली. त्यांत मुंबई विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले राजीव ठाकूरही होते. त्यांचं म्हणणं असं: पावतीसोबत ‘झालं का’ हे तपासणारं एक फंक्शनही देऊन ठेवा, म्हणजे ‘वेट’ करताना एमपीआयच त्याला पुन्हापुन्हा हाक मारून विचारेल. एमपीआयच्या एमपीआयसीएच या अंमलबजावणीत ही सोय आली. ती मूळ मानकाच्या पलीकडची आहे.

मानक लिहिणाऱ्यांना पुढची सगळी कामं ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आज तीच पावती जीपीयूवर चाललेल्या गणितासाठीही फाडता येते. आपल्याला न सुचलेल्या गोष्टीसाठी जागा राखून ठेवणं, हे मला त्या नियमपुस्तकातलं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

हे पाहायला महासंगणक लागत नाही. एमपीआयसीएच किंवा ओपन एमपीआय फुकट मिळतं आणि एका लॅपटॉपवर चार प्रोसेस आरामात चालतात. वर्धा-पुलगावकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने एका सुट्टीत वीस-पंचवीस ओळींचा असा प्रोग्राम लिहावा. मग ‘कम्प्लीट’ची ओळ मुद्दाम गाळून तो चालवावा. ‘वेट’ जागचं हलणार नाही. पावती ज्याने फाडली, काम झाल्याचं सांगायचं त्यानेच, हा नियम मग वेगळा पाठ करावा लागत नाही.