गाडी कुणाच्या मापाची?

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे घरात दोनच प्रश्न विचारले जातात. "केवढ्याला पडते?" आणि "अ‍ॅव्हरेज किती देते?" बायकांना रंग निवडायचा मान तेवढा मिळतो. पण रोज ती गाडी चालवणार कोण, तिची उंची किती, तिच्या हातात जोर किती, ती साडी नेसते की ड्रेस घालते, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गावांमध्ये बाईच्या हातात गाडी आली त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी लुना आली, १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि गिअर टाकायची कटकट संपली. नव्वदच्या दशकात स्कूटीवर मुली कॉलेजला जाऊ लागल्या. २००० नंतर अ‍ॅक्टिव्हा आली आणि इतकी रुळली, की आज कुठल्याही कंपनीची स्कूटर असो, आपण सरसकट "अ‍ॅक्टिव्हा काढ गं" असंच म्हणतो. पण चालवणारी बाई असली तरी गाडीची निवड बहुधा भाऊ, नवरा नाहीतर मुलगा यांनीच केलेली असते.

माझ्या धाकट्या जाऊबाई महिला बचत गटांचं काम बघतात. आम्ही वाईला राहतो. त्यांच्याकडची काही गावं धोम धरणाच्या बाजूला आहेत, काही पसरणीचा घाट चढून वर आहेत. गटाची बैठक बहुतेक संध्याकाळी, कारण बायका दिवसभर रानात असतात. बैठक संपली की शेवटची एसटी सापडेल की नाही याचा घोर. नाही सापडली तर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून यायचं. मग त्यावरून गावात चार तोंडं बोलणार. या कारणाने त्यांनी दोन गावं सोडून द्यायचं मनावर घेतलं होतं. त्या गावांतले गट नुकते कुठे उभे राहत होते. मी स्वतः या कामात असल्यामुळे मला ठाऊक आहे, सुरुवातीच्या वर्षात बैठका चुकल्या की गट मोडतो.

गाडीचा विषय घरात निघाला तेव्हा भावोजी म्हणाले, "२०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मग गाडीचा खर्च कशाला?" तिकीट अर्धं झालं ही चांगलीच गोष्ट झाली, पण रात्री साडेसातला गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? पुढे गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा म्हणाले, "मग मोटरसायकलच घेऊ. पोरालाही चालवता येईल." म्हणजे हप्ता जाऊबाईंच्या मानधनातून जाणार आणि गाडी मात्र पोराच्या मापाची येणार!

गंमत अशी, की वाट पोरानेच दाखवली. आमचा हा पुतण्या कॉलेजात आहे आणि लांबच्या प्रवासाच्या स्पोर्ट टुरिंग मोटरसायकलींचं त्याला भारी वेड. त्याने वहीत दोन रकाने आखून डोमिनार ४०० आणि अपाची आरआर ३१० यांची तुलना मांडली होती. एक ३७३ सीसीची, दुसरी ३१२ सीसीची. एकीचं वजन १९३ किलो, दुसरीचं १७४. आसनाची उंची, टाकी, ब्रेक सगळं ओळीने लिहिलेलं. ती वही बघून जाऊबाई म्हणाल्या, "ताई, हा न घ्यायच्या गाडीचा एवढा अभ्यास करतो. मला तर खरीच घ्यायची आहे."

त्याच रात्री आम्ही तिघांनी बसून नवा तक्ता आखला. रकाने दोनच ठेवले, होंडा अ‍ॅक्टिव्हा ११० आणि टीव्हीएस ज्युपिटर ११०. कारण या दोन्ही गाड्या दुरुस्त करणारे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. तालुक्याच्या गावात ही पहिली गोष्ट बघावी. गाडी कितीही छान असली आणि पार्ट आणायला साताऱ्याला जावं लागत असलं, तर ती आपल्या कामाची नाही.

आता तक्त्यात काय निघालं ते सांगते. वजन दोन्हींचं साधारण १०५-१०६ किलो, म्हणजे तिथे डावं-उजवं काही नाही. आसनाची उंचीही जवळपास सारखीच, ७६५ ते ७७० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जमिनीपासून तीस इंच. इंजिन अ‍ॅक्टिव्हाचं १०९.५ सीसी, आणि २०२४ मध्ये आलेल्या नव्या ज्युपिटरचं ११३.३ सीसी. रोजच्या कामात हा फरक जाणवण्याएवढा नाही.

खरा फरक चाकांत आणि डिकीत निघाला. ज्युपिटरची दोन्ही चाकं १२ इंची. अ‍ॅक्टिव्हाचं पुढचं १२ इंची आणि मागचं १० इंची. चाक मोठं असलं की खड्ड्यात आदळणं जरा कमी होतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या बाईला याचं काही वाटणार नाही, पण धरणाकाठच्या रस्त्याने पावसाळ्यात जाणारीला नक्की वाटेल. दुसरं, ज्युपिटरची पेट्रोलची टाकी पायाखाली आहे आणि पेट्रोल पुढच्या बाजूने भरतात. त्यामुळे आसनाखालची जागा मोकळी राहते, ३३ लिटरची. अ‍ॅक्टिव्हाची डिकी १८ लिटरची. अ‍ॅक्टिव्हातही आता पेट्रोल भरायला आसन उचलावं लागत नाही, पण टाकी मागेच आहे. जाऊबाईंबरोबर गटांची रजिस्टरं, पासबुकं, रेनकोट, डबा असं सगळं असतं. ते पावसात भिजून चालत नाही.

तिसरा फरक ब्रेकचा. ज्युपिटरच्या वरच्या प्रकारात पुढे डिस्क ब्रेक मिळतो, अ‍ॅक्टिव्हा ११० मध्ये दोन्हीकडे ड्रम ब्रेकच. मात्र डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा ब्रेक लागण्याची सोय दोन्ही गाड्यांत आहे. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना ती सक्तीचीच केलेली आहे. नवशिक्या बाईचा हात घाबरून एकाच ब्रेकवर पडतो, तेव्हा ही सोय उपयोगी पडते.

पण कागदावरचे आकडे म्हणजे निम्मीच तुलना. उरलेली निम्मी शोरूममध्ये अंगाने करायची. आम्ही दोघीच गेलो. विकणारा मुलगा आधी म्हणाला, "साहेब नाही आले?" जाऊबाई म्हणाल्या, "गाडी मला चालवायचीय, साहेबांना नाही." मग त्यांनी रोजची साडी नेसूनच दोन्ही गाड्या पारखल्या. तुम्हीही जाल तेव्हा हे करून पाहा.

पहिलं, गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघा. नुसते चवडे टेकून भागत नाही. आसनाची उंची सारखी असली तरी आसन रुंद असेल तर पाय फाकतात आणि टाच वर राहते. दुसरं, गाडी स्वतःच्या हाताने डबल स्टँडवर लावून बघा आणि खाली उतरवा. "आम्ही देतो ना लावून" असं तो म्हणेल, पण रोज लावायला तो येणार नाही. तिसरं, उतारावर उभी असलेली गाडी मागे ढकलून बघा. चौथं, मूठ धरून बोटं ब्रेकपर्यंत सहज पोचतात का ते बघा. आपले हात लहान असतात. पाचवं, मागे कुणाला तरी बसवून एक चक्कर मारा, चढ असेल तर उत्तमच. एकटीने चालवताना हलकी वाटलेली गाडी मागे माणूस बसलं की वेगळीच लागते.

आता अ‍ॅव्हरेजचं बघू, कारण घराघरांत भांडणं त्यावरूनच होतात. समजा, रोज ३० किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८० किलोमीटर झाले. एक गाडी लिटरला ४५ देते आणि दुसरी ५०, असं धरा. पहिलीला सव्वासतरा लिटर लागेल, दुसरीला साडेपंधरा. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं तर फरक महिन्याला पावणेदोनशेच्या आत. तो फरक आहेच, पण तेवढ्यासाठी पाय न टेकणारी गाडी घेऊ नये. एकदा पडलं तर त्याच्या कितीतरी पट दवाखान्यात जातात.

त्यापेक्षा मोठा फरक कर्जाच्या व्याजात लपलेला असतो. ८० हजारांचं कर्ज तीन वर्षांसाठी 'दहा टक्के फ्लॅट' म्हणून दिलं, तर व्याज होतं २४ हजार. तेच दहा टक्के उतरत्या शिलकीवर असेल तर व्याज साधारण १३ हजार. टक्के तेच, पण फरक अकरा हजारांचा! आपल्या गटातल्या बायका हा हिशेब तोंडी करतात, मग शोरूमच्या टेबलापाशी का लाजायचं? "फ्लॅट की उतरतं?" हे स्पष्ट विचारा आणि एकूण किती रुपये फेडायचे तो आकडा कागदावर लिहून घ्या. किंमतही अशीच फोडून मागा. मूळ किंमत किती, कर आणि नोंदणी किती, विमा किती, वरच्या वस्तू किती. वरच्या वस्तू नको म्हणता येतात. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, म्हणून कुणी जुना दरफलक दाखवला तर तो आधी बाजूला ठेवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी कुणाच्या नावावर? भावोजी सहज म्हणाले, "माझ्या नावावर घेऊ, कर्ज लवकर होईल. घरातलीच तर गाडी." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण विम्याचा कागद नीट वाचला पाहिजे. दुचाकीच्या विम्याबरोबर १५ लाखांचा जो वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालक-चालकाचा असतो. म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे, त्याचा. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवते बायको, असं असेल तर अपघातात तिला त्या विम्याचं संरक्षण नाही. घाटातून रोज ये-जा करणार जाऊबाई आणि विमा घरी बसलेल्या माणसाचा! हे समजावून सांगितल्यावर भावोजी थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वहिनी, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्याच नावावर करू." समोरच्याच्या नुकसानीचा विमा नव्या दुचाकीला २०१८ पासून एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि हा वैयक्तिक विमा किती वर्षांचा आहे ते वेगळं बघा आणि संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गाडी ताब्यात घेताना दोन हक्काच्या गोष्टी मागून घ्या. मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या दुचाकीबरोबर आयएसआय मार्कचं हेल्मेट द्यायचं असतं. मागच्या चाकाला साडी-ओढणी अडकू नये म्हणून संरक्षक जाळी आणि मागे बसणाऱ्याला धरायला कडी, हेही नियमातच आहे. त्याचे वेगळे पैसे लावले तर "का?" म्हणून विचारा. पदर खोचून पिन लावा, ओढणी मागे बांधा. मागे बसणारीलाही हेल्मेट हवंच, कायदा तिलाही लागू आहे.

लायसन्सची तयारी गाडी यायच्या आधीच करावी. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते. जाऊबाईंनी महिनाभर शाळेच्या मैदानावर मैत्रिणीची स्कूटर गोल गोल फिरवली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. पोरं हसली, तीही दोन दिवसच.

शेवटी त्यांनी ज्युपिटर घेतली, डिस्क ब्रेकची. शेजारच्या निवृत्त बाईंनी मात्र आमचाच तक्ता वापरून अ‍ॅक्टिव्हा घेतली. त्यांचं जाणं-येणं बाजार आणि देवळापुरतं, रस्ता डांबरी, आणि पुढेमागे विकायची झाली तर अ‍ॅक्टिव्हाला गिऱ्हाईक पटकन मिळतं असा त्यांचा हिशेब. दोघींचंही बरोबर आहे. गाडी कुठली चांगली, याचं उत्तर चालवणारीप्रमाणे बदलतं.

जाऊबाईंनी ती दोन गावं सोडली नाहीत. परवाच त्यातल्या एका गटाने पहिलं बँककर्ज उचललं, शेळ्यांसाठी. बैठक संपायला रात्रीचे आठ वाजले होते, पण त्या दिवशी कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

तेव्हा तुमच्या घरी गाडीचा विषय निघाला की एक वही घ्या आणि दोन रकाने आखा. पहिल्या ओळीत किंमत लिहू नका. तुमचा रस्ता, तुमचं सामान आणि तुमची उंची लिहा. किंमत आणि अ‍ॅव्हरेज त्याखाली येऊ द्या.