निर्णयसागरी ग्रंथाची जुजबंदी

परवा रद्दीत निर्णयसागर छापखान्याचा एक संस्कृत ग्रंथ हाती लागला. पुठ्ठा जीर्ण, कागद पिवळा, परंतु शिवण अद्याप शाबूत!

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात टाइप घासण्यापासून आरंभ करून ज्यांनी १८६९ साली मुंबईत हे मुद्रणालय स्थापिले, त्या जावजी दादाजी चौधरी यांच्या खिळ्यांची सुबकता आजच्या संगणकीय अक्षरांनाही, निदान माझ्या मते, साधलेली नाही.

शिवण टिकली ती जुजबंदीमुळे: छापील ताव दुमडून झालेला प्रत्येक फर्मा घडीतून दोऱ्याने शिवून शेजारच्या फर्म्याशी गुंफतात, केवळ सरसावर विसंबणारी बांधणी मात्र सरस सुकून तडकताच पाने ओकू लागते.

आपल्या संग्रहातील ग्रंथाची बांधणी कोणती, हे ओळखावयाचे असल्यास निःसंकोच विचारावे.